बेटं कमी, बोट हळू!

ग्रीसच्या ट्रिपचे जे प्लॅन ग्रुपवर फिरत असतात, त्यातल्या बहुतेकांचं गणित एकच असतं. सात रात्री, पाच बेटं. मिकोनोस, पॅरोस, नॅक्सोस, इओस, सँटोरिनी. प्रत्येक ठिकाणी एक पांढरं घर, एक निळा घुमट, एक सूर्यास्त. रीलमध्ये हे सगळं तीस सेकंदांत उरकतं. पण त्या पाच बेटांच्या मध्ये समुद्र आहे आणि तो ओलांडायला बोट लागते, हे प्लॅनमध्ये कुठेच नसतं.

जरा हिशोब मांडू. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून निघायचं, पाच बेटं करायची आणि परत पिरेअसला यायचं, म्हणजे सहा बोटी. प्रत्येक बोटीच्या दिवशी सकाळी खोली सोडायची, बॅग घेऊन तासभर आधी बंदरावर पोचायचं, बोट उशिरा आली तर उन्हात थांबायचं, पलीकडे उतरायचं आणि दुपारी तीनला चेक-इन होईपर्यंत पुन्हा बॅग सांभाळत बसायचं. एका बोटीमागे अर्धा दिवस सहज जातो. सहा अर्धे म्हणजे तीन. सातातले तीन दिवस बॅग ओढण्यात! आणि त्यासाठी आपण युरो मोजणार. एक युरो म्हणजे साधारण शंभर रुपये धरा, म्हणजे कळेल.

माझं म्हणणं साधं आहे. टूर कंपनीशिवाय, स्वतः सगळं ठरवून ग्रीसला जायचं असेल तर जरूर जा. पण दोनच बेटं निवडा, हळू जाणारी बोट घ्या आणि खोली तिथल्या माणसाकडून घ्या. यात पैसे वाचतात, हा भाग आहेच. पण या तीन गोष्टी पाळल्या नाहीत तर ट्रिप आपली राहत नाही आणि तिथल्या लोकांनाही ती नकोशी होते.

‘ग्रीसला कोण जातंय?’ असं म्हणू नका. मुंबई ते अथेन्स थेट विमानसेवा इंडिगोने २०२५ मध्ये जाहीर केली. शिवाय जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्समध्ये मास्टर्स करायला गेलेले सीनियर्स आता प्रत्येक कॉलेजचे आहेत. तिथला रेसिडेन्स परमिट असला की ग्रीसला जायला वेगळा व्हिसा लागत नाही, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. सेमिस्टर संपलं की त्यांचा पहिला मेसेज असतो, ‘तू पण ये ना!’ प्रश्न जायचं का, हा नाहीच. कसं जायचं, हा आहे.

आधी नकाशा, मग रील

ग्रीसची लहानमोठी बेटं मिळून सहा हजारांच्या आसपास आहेत. माणसं राहतात ती २२७ बेटांवर. ही बेटं गटागटांनी विखुरलेली आहेत आणि गट बदलला की बंदरही बदलतं. सँटोरिनी, नॅक्सोस, पॅरोस, मिकोनोस ही सिक्लाडीस गटातली. त्यांच्या बोटी पिरेअसहून सुटतात, काही राफिनाहून. राफिना तर अथेन्सच्या विमानतळाला पिरेअसपेक्षा जवळ आहे. कॉर्फू, झाकिन्थोस ही पश्चिमेच्या आयोनियन समुद्रातली, त्यांची बंदरंच वेगळी. तेव्हा ‘कॉर्फूहून सँटोरिनीची बोट किती वाजता?’ हा प्रश्न म्हणजे रत्नागिरीहून नागपूरची लोकल शोधण्यासारखं आहे.

आता एकाच रांगेतली बेटं बघा. पिरेअसहून निघणारी मोठी बोट पॅरोसला थांबते, मग नॅक्सोसला, मग पुढे सँटोरिनीला. पॅसेंजर गाडी जशी एकेक स्टेशन घेत जाते तशी. पॅरोसला साधारण चार तास, नॅक्सोसला पाच-साडेपाच, सँटोरिनीला पावणेआठ-आठ. हीच अंतरं वेगवान कॅटमरान बोट बरीच लवकर कापते, पण तिकीट दीडपट ते दुप्पट असतं. पिरेअस ते नॅक्सोस साध्या बोटीने साधारण चाळीस-पन्नास युरोंत होतं.

दोन-अडीच तास वाचवायला दोन-तीन हजार रुपये का घालवायचे? साध्या बोटीवर डेक असतो. वर उघड्यावर बसता येतं, वारा खाता येतो, कॉफी घेता येते. वेगवान बोटीत बहुतेक वेळ आत, खुर्चीत बसून काढावा लागतो आणि समुद्र खवळला की ती जास्त हलते. बेटं बघायला गेलोय, तर बेटांमधून जाणारी बोट हा प्रवासाचाच भाग आहे. तो बंद काचेआड कशाला काढायचा?

आपल्या बजेटचा प्लॅन असा बसतो. पहिली रात्र पिरेअस किंवा अथेन्सला. विमानतळावरून निघणारी मेट्रोची तीन नंबरची लाइन २०२२ पासून थेट पिरेअसला जाते, साधारण तासाभरात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने सगळ्यात लांबचं बेट गाठायचं. तिथे तीन रात्री. मग परतीच्या वाटेवरच्या बेटावर तीन रात्री. शेवटची रात्र पुन्हा अथेन्सला. आठ रात्री, दोन बेटं, तीन बोटी. लांबचं आधी आणि जवळचं नंतर, कारण विमानाची तारीख जवळ येत जाते तसतसं आपणही विमानतळाच्या जवळ यायला हवं.

पिरेअस बंदर अवाढव्य आहे. ई-१ ते ई-१२ अशी गेटं आहेत आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं म्हणजे घाम निघतो. आपली बोट कोणत्या गेटवरून सुटते ते आदल्या दिवशी बघून ठेवायचं. बोट बेटाला लागली की मागचा मोठा दरवाजा खाली येतो, गाड्या, ट्रक, माणसं एकदम बाहेर पडतात आणि काही मिनिटांत बोट निघतेसुद्धा. त्यामुळे आपलं बंदर आलं की बॅग घेऊन खाली तयार उभं राहायचं. दादर आल्यावर उठणाऱ्याचं विरारच्या लोकलमध्ये जे होतं, तेच इथेही होतं.

वाऱ्याला आपला व्हिसा दिसत नाही

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून एक वारा सुटतो, त्याला मेल्टेमी म्हणतात. आकाश निळंशार, ऊन लख्ख, पावसाचं नाव नाही आणि तरी वारा असा की टोपी डोक्यावर राहत नाही. तो वाढला की बंदर प्रशासन बोटी सोडायला बंदी घालतं. वेगवान बोटी आधी थांबतात. वारा आठ-नऊ ब्युफोर्टला गेला की मोठ्या बोटीही बंदरातच उभ्या राहतात. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा बोट बंद असते, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे ऐन उन्हाळ्यात, ऐन सीझनमध्ये अशी वेळ येते.

‘एवढ्या वाऱ्याला काय घाबरायचं?’ असं वाटेल. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री ‘एक्स्प्रेस समिना’ ही बोट पॅरोसजवळच्या खडकांवर आदळून बुडाली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यात बोट चालवणाऱ्यांचा निष्काळजीपणा होता आणि त्यासाठी कॅप्टनला शिक्षाही झाली. पण त्या रात्री समुद्रही खवळलेला होता. त्यामुळे बोट सोडत नाहीत म्हणून काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही.

आपला हक्क मात्र माहीत हवा. युरोपीय संघाचा २०१० चा एक नियम सागरी प्रवाशांसाठी आहे. बोट रद्द झाली किंवा नव्वद मिनिटांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल, तर पैसे परत घ्यायचे की पुढच्या बोटीने जायचं, हे प्रवाशाने निवडायचं. पण कारण खराब हवामान असेल तर रात्रीच्या हॉटेलचा खर्च आणि नुकसानभरपाई द्यायला कंपनी बांधील नाही. आणि त्या गोंधळात वेगळं बुक केलेलं विमान चुकलं, तर ते सर्वस्वी आपलं. म्हणून शेवटची रात्र अथेन्सला ठेवायची. ही चैन नव्हे, विमाच समजा. ज्या दिवशी विमान त्याच दिवशी बेटावरून बोट, असा प्लॅन दिसला की तो तिथेच खोडा.

इथून जाणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे आणि ती परदेशी ट्रॅव्हल व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. युरोपातला किंवा अमेरिकेतला पोरगा बंदरावर उतरून म्हणतो, ‘बघू, आवडलं तर राहू, नाही तर उद्या पुढचं बेट.’ भारतीय पासपोर्टवर हा लाड चालत नाही. शेंगेन व्हिसासाठी कुठे, किती रात्री राहणार, कधी परतणार, हे सगळं कागदावर द्यावं लागतं. किमान तीस हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांआधी करता येत नाही आणि पंधरा दिवस राहिले असताना करून चालत नाही. जून २०२४ पासून फी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. थोडक्यात, कागद मागतो दिवसागणिक पक्का प्लॅन आणि वारा म्हणतो, पक्कं काहीच नाही.

यावर आपल्याकडचा शॉर्टकट म्हणजे एजंटकडून घेतलेलं ‘डमी बुकिंग’. चारपाचशे रुपयांत पाच बेटांची हॉटेलं कागदावर. माझा याला स्पष्ट विरोध आहे. नैतिकतेचं लेक्चर बाजूला ठेवा, व्यवहार बघा. बुकिंग खोटं निघालं तर अर्ज फेटाळला जातो. फेटाळल्याची नोंद शेंगेनच्या सामाईक यंत्रणेत पाच वर्षं राहते. बाविसाव्या वर्षी आठ दिवसांच्या सुट्टीसाठी तो डाग घेतला आणि पुढच्या वर्षी मास्टर्सची ॲडमिशन मिळाली, तर? दोनच बेटं असतील तर खऱ्या, रद्द करता येणाऱ्या खोल्या बुक करणं अवघड नाही. पाच बेटांचं खरं बुकिंग सांभाळणं अवघड आहे, म्हणूनच खोट्याची गरज पडते.

आपल्यासाठी क्रम असा. आधी बोटींचं वेळापत्रक बघून दोन बेटं ठरवायची. उन्हाळ्याची वेळापत्रकं सगळी एकदम जाहीर होत नाहीत. जानेवारीत जुलैची बोट दिसली नाही म्हणून घाबरू नका, ती टप्प्याटप्प्याने येतात. मग रद्द करता येतील अशा खोल्या, मग व्हिसा आणि तो हातात आल्यावर बोटीची तिकिटं. तिकीट बदलायची मुदत कंपनीगणिक वेगळी असते, ती वाचूनच पैसे भरायचे. अपवाद एकच, १५ ऑगस्टच्या आसपासचे दिवस. तो तिथे मेरीमातेचा मोठा सण. टिनोस बेटावरच्या चर्चला यात्रा भरते, काही जण बंदरापासून वर गुडघ्यांवर चढत जातात आणि सगळे ग्रीक आपापल्या बेटावरच्या गावी निघालेले असतात. गणपतीत कोकणच्या गाडीचं जे होतं, तेच. तो आठवडा सोडाच. मे-जून किंवा सप्टेंबर बघा. वारा कमी, गर्दी कमी, भाडंही कमी.

खोली कुणाच्या घरात?

बेटावर उतरलं की बंदरावर ‘रूम्स’ असे बोर्ड घेतलेली माणसं अनेक ठिकाणी अजूनही दिसतात. भाड्याच्या खोल्यांना ग्रीकमध्ये ‘दोमातिया’ म्हणतात. खाली मालकीणबाईंचं घर, वर किंवा शेजारी चारसहा खोल्या. साधी खाट, छोटा ओटा, गॅलरी. असे अनेक मालक आधी कळवलं तर बंदरावर घ्यायलाही येतात. बोट रद्द झाली आणि एक रात्र जास्त काढावी लागली, तर ॲपच्या कस्टमर केअरपेक्षा या मालकीणबाईंना फोन करणं केव्हाही बरं. त्यांना वारा माहीत असतो.

सरकारी करातही फरक आहे. २०२४ पासून ग्रीसने मुक्कामावर हवामान संकटासाठीचं शुल्क लावलं आणि २०२५ मध्ये ते वाढवलं. एप्रिल ते ऑक्टोबर या सीझनमध्ये एक-दोन स्टार हॉटेलला रात्रीचे दोन युरो, पंचतारांकितला पंधरा आणि ॲपवरून मिळणाऱ्या अल्पमुदतीच्या भाड्याच्या फ्लॅटला आठ. हे बहुतेकदा तिथे पोचल्यावर वेगळे भरावे लागतात, खोलीच्या भाड्यात दिसत नाहीत. तेव्हा स्वस्त दिसणारा फ्लॅट तिथे गेल्यावर तितका स्वस्त राहत नाही.

पण खरा मुद्दा शुल्काचा नाही. सँटोरिनीची लोकवस्ती पंधरा हजारांच्या आसपास. २०२३ मध्ये तिथे येऊन गेलेल्यांचा आकडा सुमारे चौतीस लाख सांगितला जातो. एवढी माणसं आली की घरमालकाला वर्षाच्या भाडेकरूपेक्षा आठवड्याचा पाहुणा परवडतो. मग बदली होऊन आलेल्या शिक्षकाला, डॉक्टरला, हॉटेलात राबणाऱ्या वेटरलाच घर मिळत नाही. बेटांवरच्या शाळांना आणि दवाखान्यांना हा प्रश्न दरवर्षी छळतो. अथेन्सने १ जानेवारी २०२५ पासून शहराच्या मधल्या तीन विभागांत अशा अल्पमुदतीच्या फ्लॅटची नवी नोंदणीच थांबवली. २०२३ च्या उन्हाळ्यात पॅरोसचे रहिवासी आपापले टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरले, कारण भाड्याच्या खुर्च्या-छत्र्यांनी वाळूच व्यापली होती आणि त्यांना स्वतःच्या गावात टॉवेल पसरायला जागा उरली नव्हती.

मग आपण जाऊच नये का? मला तसं वाटत नाही. बेटांचं पोट पर्यटनावर चालतं, आपण गेलो नाही तर शिक्षकाला घर मिळेल असं काही होणार नाही. पण कुठे राहतो आणि किती राहतो, हे आपल्या हातात आहे. कुटुंबाने चालवलेल्या खोलीत तीन-चार रात्री राहिलो, कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रेड, टोमॅटो आणि चीज घेतलं, तर पैसा त्याच गल्लीत राहतो. कुणाचा फ्लॅट घ्यायचाच असेल तर जाहिरातीत सरकारी नोंदणीचा क्रमांक आहे का ते बघा. तो दाखवणं तिथे बंधनकारक आहे. क्रमांक नसेल तर पुढे सरका.

‘पण एकदाच जाणार ना!’

या सगळ्यावर ठरलेलं उत्तर येतं. ‘अरे, एकदाच जाणार, मग सगळं बघून घ्यायला नको?’ घरच्यांचंही हेच म्हणणं असतं. एवढे पैसे घातलेत तर जास्तीत जास्त ठिकाणं झाली पाहिजेत. मला हा युक्तिवाद कळतो. पार्ट टाइम काम करून, आईबाबांकडून थोडे घेऊन जाणाऱ्याला प्रत्येक युरो दिसत असतो. पण ठिकाणं मोजायची असतील तर टूर कंपनी हे काम आपल्यापेक्षा चांगलं करते. बस, गाइड, जेवण, सगळं बांधलेलं. आजी-आजोबांना घेऊन जाताना तेच बरोबर. स्वतः ठरवून जाण्याचा फायदा एकच, की कुठे थांबायचं ते आपण ठरवतो. तोच सोडून दिला तर टूर कंपनीचं काम आपण फुकट करतोय, आणि वाईट करतोय.

सँटोरिनी बघायचंच असेल तर बघा. लांबचं बेट म्हणून आधी ते, मग नॅक्सोस. नॅक्सोसवर शेती आहे, तिथले बटाटे आणि ग्राविएरा चीज ग्रीसभर प्रसिद्ध आहे. बंदराच्या तोंडाशीच अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट उभी आहे, पाहायला तिकीट नाही. नॅक्सोस आणि अमॉर्गोस अशी जोडी केली तर ‘स्कोपेलितीस’ नावाची छोटी बोट भेटेल. इराक्लिया, स्किनूसा, कूफोनिसी अशा चिमुकल्या बेटांना शिवत ती अमॉर्गोसला जाते.

या बोटींकडे नीट बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. त्या टुरिस्टसाठी नाहीत. त्यात औषधं असतात, भाजी असते, गॅस सिलिंडर असतात, दवाखान्यात निघालेली आजी असते. ज्या मार्गावर नफा नाही तिथे सरकार अनुदान देऊन बोट चालवतं. अशा मार्गाला ग्रीकमध्ये ‘नापीक लाइन’ म्हणतात. तोट्यातल्या गावालाही एसटी जाते ना, तसंच. २०२५ च्या फेब्रुवारीत सँटोरिनी भागात एकामागून एक भूकंपाचे धक्के बसू लागले तेव्हा हजारो माणसं बोटींनीच बेटाबाहेर पडली. आपण तीन दिवसांसाठी ज्या बाकावर बसतो, तो कुणाचा तरी रोजचा बाक आहे. एसटीत चढल्यावर आपण म्हातारीला जागा देतो, पिशवी वर ठेवायला हात लावतो. तिथेही एवढंच करायचं.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर ‘सात रात्री, पाच बेटं’ आलं, की हार्ट टाकायच्या आधी खाली एकच प्रश्न विचारा. यातली प्रत्येक बोट किती वाजता आहे? कुणालाच सांगता आलं नाही, तर तीन बेटं खोडायला घ्या.